जीवाणुभक्षी उपचार

जीवाणुभक्षी उपचार : जीवाणूंना मारणारे विषाणू वापरून जीवाणुजन्य संसर्ग बरा करण्याची पद्धत. या विषाणूंना जीवाणुभक्षी, जीवाणुभक्षक किंवा प्रयोगशाळेच्या बोलीत नुसते ‘फाज’ म्हणतात. ‘भक्षी’ हा शब्द जरा फसवा आहे. फाज जीवाणूला खात नाही. त्याच्या आत आपले जनुकद्रव्य सोडतो, त्याच्याच सामग्रीतून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. पद्धत प्रतिजैविकांच्या आधीची. पेनिसिलिन आल्यावर बहुतेक देशांत ती मागे पडली. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे अलीकडे पुन्हा अभ्यासात आली.

शोध कोणाचा, हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. अनेक पाठ्यपुस्तके सुरुवात अर्नेस्ट हॅनबरी हँकिन याच्यापासून करतात. आग्र्याला सरकारी नोकरीत असलेल्या या जीवाणुशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये पाश्चर संस्थेच्या फ्रेंच नियतकालिकात लिहिले, की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू सुमारे तीन तासांत मरतात आणि तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. यावरून ‘हँकिनला फाज दिसला होता’ असे म्हणण्याची प्रथा पडली. मूळ लेख वाचणाऱ्याला मात्र ते पटणे अवघड जाते. झाकण नसलेल्या भांड्यात उकळलेल्या पाण्याचा गुण जात असे, पण हवाबंद करून तापवलेल्या पाण्यात तो बराचसा टिके. म्हणून हँकिनने स्वतः एखाद्या उडून जाणाऱ्या द्रव्याचा तर्क केला होता. फाज बंद भांड्यातही उकळी सोसत नाही. शिवाय पोषण नसलेल्या स्वच्छ पाण्यात जीवाणू वाढत नाहीत आणि न वाढणाऱ्या जीवाणूत फाजही नीट वाढत नाही. २०११ मध्ये या लेखाची नव्याने छाननी झाली, तिचा कौलही हँकिनच्या विरुद्धच गेला. तो ग्राह्य वाटतो.

कृष्णाकाठी हा वाद वेगळ्या वाटेने येऊन पोचला आहे. काशीयात्रेहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू वर्षानुवर्षे देव्हाऱ्यात असतो आणि ‘गंगेचे पाणी नासत नाही’ हे घरोघर ठाऊक असते. वाईला तर दक्षिण काशीच म्हणतात. त्यामुळे गंगेचा तो गुण कृष्णेलाही लावण्याचा मोह होतो आणि हल्ली त्याला ‘फाजमुळे’ अशी शास्त्रीय पुरवणी जोडली जाते. हँकिनचे प्रयोग गंगा-यमुनेचे होते. ते कृष्णेपर्यंत ताणायला आधार नाही. कृष्णेत फाज आहेत यात मात्र शंका नाही, कारण जिथे जीवाणू तिथे फाज. विष्ठेतील ई. कोलाय या जीवाणूवर जगणारे फाज जितके जास्त, तितके पाण्यात सांडपाणी जास्त मिसळले असा अंदाज पाणी-तपासणीत बांधला जातो. म्हणजे फाज सापडणे हा पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. महाबळेश्वराजवळच्या उगमापेक्षा सांगलीत शेरी नाला नदीला मिळतो तिथे ते विपुल मिळण्याची शक्यता अधिक.

निर्विवाद नोंदी दोन. १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट या जीवाणुशास्त्रज्ञाला जीवाणूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन विरताना दिसल्या. कारण विषाणू, की जीवाणूतलेच एखादे विकर (एन्झाइम), हे त्याने मोकळे ठेवले. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स देरेलने हगवणीच्या रुग्णांवरील कामातून तो विषाणूच असल्याचे ठामपणे मांडले आणि ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव दिले. बेल्जियमच्या ज्यूल बोर्देसारख्या शास्त्रज्ञांनी ट्वॉर्टची बाजू घेतल्याने वाद वर्षानुवर्षे चालला. १९४० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रत्यक्ष कण दिसले आणि विकराचा पक्ष संपला. आज दोघांनाही शोधाचे श्रेय देतात. उपचाराचे श्रेय मात्र देरेलकडेच जाते.

देरेलने १९१९ मध्ये पॅरिसमध्ये हगवण झालेल्या मुलाला फाज दिले. १९२७ मध्ये तो पटकीच्या कामासाठी भारतात आला. पुढे पाटण्याला आणि आसामात प्रयोग झाले. मृत्यू घटल्याचे दावे झाले, तरी तुलनेची पद्धत आजच्या कसोटीला उतरत नाही. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथे १९२३ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ जॉर्ज एलियावाने काढलेल्या संस्थेत ही परंपरा अखंड राहिली. स्वतः एलियावा १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत मारला गेला.

फाज मिळवणे हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गातला नेहमीचा प्रयोग आहे. नाल्याचे पाणी बाटलीत आणून, गाळ बसवून ०.२२ किंवा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. जीवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतात. ते पाणी ई. कोलायच्या ताज्या वाढीत मिसळून कोमट, पातळ अगारबरोबर (निवल्यावर जेलीसारखे थिजणाऱ्या माध्यमाबरोबर) प्लेटवर ओततात. अगार साधारण ४५ अंशांचे लागते. जास्त गरम असेल तर जीवाणू मरतात, निवले तर ओतताना गुठळ्या होतात. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या प्लेटवर गुठळ्याच असतात. रात्रभर ३७ अंशांत ठेवलेली प्लेट सकाळी उजेडाकडे धरली, की जीवाणूंच्या दुधाळ सायीत टाचणीच्या टोकापासून ज्वारीच्या दाण्याएवढी स्वच्छ भोके दिसतात. प्रत्येक भोक म्हणजे एका फाजची संतती. टी-४ या नमुनेदार फाजला अर्ध्या तासात शंभरावर प्रती काढता येतात.

सगळेच फाज उपचाराला चालत नाहीत. काही जीवाणूला न फोडता त्याच्या जनुकांत मुक्काम करतात आणि जाताना नको ते देऊन जातात. पटकीच्या जंतूची विष बनवण्याची जनुके अशाच एका फाजची असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले. हँकिनची कथा सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवे.

गरज कुठे पडते, हे समजायला कल्चरचा, म्हणजे रुग्णाचे जंतू वाढवून त्यांवर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पाहावा. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या १८९४ मधील रुग्णालयापासून दवाखान्यांचे गाव झालेल्या मिरजेत लांबून येणाऱ्या रुग्णांच्या फायलीत तो असतोच. औषधांच्या नावांपुढे ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे रोधी. चिघळलेल्या जखमेच्या रिपोर्टात कधीकधी ‘आर’ची रांगच लागते आणि खाली कोलिस्टीन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेले प्रतिजैविक उरते. याच कोलिस्टीनचा कोंबड्या-जनावरांसाठी वापर भारतात २०१९ मध्ये बंद करण्यात आला. त्या वर्षी जगात औषधरोधी जीवाणुसंसर्गाने थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२.७ लाख आहे.

अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनच्या रुग्णालयातील पंधरा वर्षांच्या मुलीचे. फुप्फुसे बदलल्यावर तिला क्षयजंतूच्या कुळातील रोधी जंतूचा संसर्ग झाला होता. तीन फाजच्या मिश्रणाने ती सुधारल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतला ‘मडी’ नावाचा फाज दक्षिण आफ्रिकेत एका सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूला मिळाला होता. भरताच्या वांग्यांसाठी नाव असलेल्या कृष्णाकाठाला याचे नवल वाटू नये. सडका पाला आणि ओली माती ही फाजची नेहमीची ठिकाणे.

एकेका रुग्णाच्या यशावरून पद्धत सिद्ध होत नाही. फ्रान्स-बेल्जियममध्ये भाजलेल्या २७ रुग्णांवर झालेल्या ‘फाजोबर्न’ चाचणीत फाजचा परिणाम नेहमीच्या चांदीयुक्त मलमापेक्षा सावकाश दिसला. तयार केलेल्या द्रवातील फाजची संख्या साठवणीत इतकी घटली होती, की रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा मिळाली.