साथ ओसरल्यावर टंचाई का आली?

साथ आटोक्यात आली की सगळं पूर्ववत होईल, असं २०२० मध्ये भल्याभल्यांना वाटत होतं. त्या वर्षी जगाचं एकूण उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटलं. २०२१ मध्ये ते सुमारे ६ टक्क्यांनी वाढलंही. पण नेमके तेव्हाच मोटारींचे कारखाने चिपअभावी थांबत होते. असं का?

याचं एक मोठं कारण म्हणजे 'बुलव्हिप इफेक्ट', आपण त्याला चाबूक-परिणाम म्हणू. मनगट जरासं हललं तरी चाबकाचं टोक कुठच्या कुठे जातं. तसाच गिऱ्हाइकाच्या मागणीतला छोटासा बदल दुकानापासून कारखान्यापर्यंत पोचता पोचता मोठा होत जातो. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हे डायपरच्या बाबतीत दिसलं होतं. बाळांना डायपर रोज साधारण तितकेच लागतात, ऑर्डरी मात्र भलत्याच वरखाली होत होत्या.

कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, फार मजा येते. दुकानदार, घाऊक व्यापारी, कारखाना अशी साखळी धरा. प्रत्येक जण दोन आठवड्यांच्या मागणीइतका माल राखून असतो. आठवड्याचा खप १०० नग, म्हणून साठा २००. आता खप ११० झाला. दुकानदाराला साठा २२० हवा, म्हणून तो ११० अधिक २०, असे १३० नग मागवतो. व्यापाऱ्याला मागणीच १३० दिसते, त्याला साठा २६० हवा. तो १९० मागवतो. याच हिशेबाने कारखाना ३७० नगांचा कच्चा माल मागवतो. गिऱ्हाईक दहाच नग जास्त घेत होतं! पुढच्या आठवड्यात खप ११० वरच राहिला, तर दुकानदार ११० मागवतो, व्यापारी ७०, आणि साठा उतू चाललेला कारखाना शून्य.

यात कुणाची लबाडी नाही. टंचाई म्हणजे कारस्थानच, असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडावा.

चिपचंही काहीसं असंच झालं. २०२० च्या वसंतात मोटार कंपन्यांनी ऑर्डरी रद्द केल्या. घरून काम करणाऱ्यांना लॅपटॉप हवे होते, चिप कारखान्यांनी क्षमता तिकडे वळवली. मोटारींची मागणी अपेक्षेआधीच परतली, तेव्हा कंपन्यांना रांगेत उभं राहावं लागलं. चिप तयार व्हायला तीन-चार महिने लागतात, नवा कारखाना उभारायला काही वर्षं. मग धास्तीपोटी जो तो गरजेपेक्षा जास्त मागवू लागला.

२०२३ उजाडेपर्यंत चाबूक उलटा फिरला होता. मेमरी चिपचे साठे इतके तुंबले, की कंपन्यांना उत्पादनच कमी करावं लागलं.