तेल पाजणे (लाकूडकाम)

सच्छिद्र, कठीण लाकडात वाळणारे तेल मुरवून त्याचा पृष्ठभाग पक्का करण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी हा सीमाभाग आणि लगतचा हल्याळ-दांडेलीचा जंगलपट्टा येथील जुन्या घरांत चौकटी, सोप्याचे खांब, झोपाळे नि देव्हारे सागवान, शिसवी, फणस, ऐन अशा लाकडांचे असतात. या सर्वांची छिद्रे मोठी असतात. सागवानात ती वर्षवलयांच्या कडेने दाटतात. फळीच्या टोकाला नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि फळीच्या अंगावर सुईने ओढल्यासारखे बारीक चर होऊन उमटतात. तेल कोणते आणि कसे पाजायचे, हे या चरांवरूनच ठरते.

तेल ‘वाळते’ म्हणजे उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जवसाचे (अळशीचे) आणि तुंगाचे (तुंग झाडाच्या बियांचे) तेल असे वाळते. शेंगतेल व खोबरेल वाळत नाही. घरात हाताशी असते म्हणून चौकटीला शेंगतेल पुसले, तर दोन दिवस लाकूड खुलते, मग चिकट होऊन धूळ धरते. कच्चे जवसतेल सुकायला कित्येक दिवस घेते. दुकानात मिळणाऱ्या ‘डबल बॉईल्ड’ तेलात धातूंचे शुष्कक (तेल लवकर वाळवणारी द्रव्ये) मिसळलेले असल्याने ते साधारण दिवसाभरात धरते. मात्र काटवट, पोळपाट अशा खाण्याच्या वस्तूंना ते लावू नये. तिथे निव्वळ कच्चे तेल लावून काही आठवडे थांबणेच योग्य.

लाकूड १२०, १८०, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून धूळ झटकतात. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या तेलाचा. पंधरा-वीस मिनिटे मुरू देऊन उरलेले सगळे पुसून घ्यायचे. खरी कसोटी यानंतर लागते. सकाळी पुसून कोरडी दिसणारी चौकट दुपारी ऊन चढले की पुन्हा घामेजते: छिद्रांतली हवा फुगते, आत शिरलेले तेल बाहेर ढकलते आणि टाचणीच्या डोक्याएवढे थेंब रांगेने उभे राहतात. ते थांबेपर्यंत दर अर्ध्या तासाने फडके फिरवावे लागते. राहिले तर चकचकीत कडक ठिपके बनतात, मग पात्याने खरवडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून काम सावलीत करावे आणि तेल लावण्यापेक्षा पुसण्याला जास्त वेळ राखावा.

मेजासाठी सपाट पृष्ठ हवा असल्यास दुसऱ्या हाताच्या वेळी ओल्या तेलातच ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवतात. लाकडाचा भुसा व तेल यांची लापशी छिद्रांत बसते. दारा-खांबांना याची गरज नाही. त्यांचे उघडे चरच शोभतात.

शिसवी अवघड. तिच्यातली नैसर्गिक द्रव्ये तेलाला घट्ट होऊ देत नाहीत, पृष्ठभाग आठवडाभर चिकट राहतो. आधी थिनरने पुसून लगेच तेल लावावे किंवा खाली चपडी लाखेचा पातळ हात द्यावा.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात नुसत्या जवसतेलाचा भरवसा नाही. ते दमट हवा पूर्ण अडवत नाही आणि त्यावर काळी बुरशीही धरते. बाहेरच्या दाराला वर व्हार्निशचे कवच हवे; आतल्या सामानाला तेल पुरते. दमट हवेत तेल सुकायलाही उशीर लागतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढणे बरे. वाशांना वाळवीपासून वाचवण्यासाठी काजूच्या टरफलांचे तेलही लावतात. ते लाकूड काळे करते आणि कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालावेत.

जवसतेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता सोडते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. काम संपताच त्या बादलीतल्या पाण्यात बुडवाव्यात किंवा अंगणात दोरीवर एकेक सुटी पसरावी.