सरहद्दीपलीकडे गेलेला स्कॉटिश बॅक : पार्श्वभूमी

एडिनबरोतील एका फुटबॉल क्लबचा कर्णधार, घरांच्या छपरांवर स्लेटच्या फरश्या बसवणारा कारागीर, १८८३ मध्ये इंग्लंडच्या लँकशायरमधील प्रेस्टनला गेला आणि तिथल्या संघाचा बॅक, म्हणजे बचावपटू, झाला. त्या काळच्या रचनेत खऱ्या अर्थाने बचावाला दोनच खेळाडू असत. पुढे चेंडू मिळणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असावेत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, धरला जाई; हा नियमही १९२५ पर्यंत टिकला, त्यामुळे बॅकने कधी पुढे सरकायचे आणि कधी थांबायचे, या अंदाजालाच मोल होते.

या कारकिर्दीतला खरा गुंता मात्र 'व्यावसायिक' या शब्दाचा आहे. खेळासाठी पैसे घेणारा तो व्यावसायिक, हा अर्थ सोपा वाटतो. पण १८८५ पूर्वी इंग्लंडमध्ये असे पैसे घेणे नियमबाह्य असल्याने खेळाडूला गावात एखादे काम लावून दिले जाई आणि मोबदला त्याआडून पोहोचे. १८८४ मध्ये लंडनच्या एका संघाने तक्रार केल्यावर प्रेस्टनच्या व्यवस्थापकाने ही पद्धत सरळ मान्य केली, तेव्हा प्रेस्टनचा संघ इंग्लंडच्या चषक स्पर्धेतून (एफए कप) बाद झाला. सगळेच करत होते ते उघड बोलल्याची ही शिक्षा होती, असे म्हणणे फारसे वावगे ठरणार नाही. उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिल्यानंतर जुलै १८८५ मध्ये व्यावसायिकतेला मान्यता मिळाली खरी, पण चषक सामन्यांसाठी एक अट जोडूनच : खेळाडू मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला तरी असावा किंवा तिथे दोन वर्षे राहिलेला तरी. मान्यता पैशाला मिळाली; संशय सरहद्द ओलांडून आलेल्या माणसावर कायम राहिला.

स्कॉटलंडच्या नियामकांनी तर आणखी आठ वर्षे, म्हणजे १८९३ पर्यंत, ही मान्यता दिली नाही, आणि इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाबाहेरच ठेवले. अशा खेळाडूंची पहिली निवड १८९६ मध्ये झाली, आणि ग्लासगोच्या त्या सामन्यात स्कॉटलंडने इंग्लंडला २-१ असे हरवले. आपला बॅक त्याआधीच, १८९४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला होता. देशाकडून तो एकदाही खेळला नाही.

१८८८ मध्ये, नेमकी इंग्लंडमधली पहिली लीग, म्हणजे सर्व संघांनी एकमेकांशी खेळायची स्पर्धा, सुरू होताना, तो लिव्हरपूलमधील एका संघात गेला. त्याच हंगामात प्रेस्टनने २२ पैकी एकही लीग सामना न गमावता विजेतेपद आणि चषक दोन्ही मिळवले. पुढच्या वर्षी तो परतला आणि १८९० च्या विजेतेपदात सहभागी झाला. हंगाम संपल्यावर असे मोकळेपणाने ये-जा करणे १८९३ नंतर शक्य राहिले नाही, कारण क्लबाला खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडवून ठेवण्याचा अधिकार मिळाला. १९०१ मध्ये आठवड्याला चार पौंडांची कमाल वेतनमर्यादाही आली, आणि अशी मर्यादा या ना त्या रकमेने १९६१ पर्यंत राहिली.