शेंगा चटणी, कडक भाकरी आणि पाकिटाचा हिशोब

दुकानात शेंगा चटणीबद्दल दोन प्रश्न हमखास येतात. "प्लास्टिकमध्येच का देता?" आणि "संपली म्हणता, मग रोज का करत नाही?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं. भट्टी अर्धी भरली तरी तापायला गॅस जवळपास तेवढाच जळतो. म्हणून पूर्ण घाणा भरेल एवढी मागणी जमली की मगच दाणे भाजायला घेतो. तुम्हाला एखादा दिवस थांबावं लागतं खरं, पण चटणी ताजी मिळते. कुटताना मात्र घाई नाही. डंक्यात, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कांडप यंत्रात, दाणे, लसूण, जिरं, तिखट कुटलं की तेल सुटतं आणि चटणी अंगची ओलसर होते. पल्वरायझरमध्ये, म्हणजे वेगाने भुकटी करणाऱ्या गिरणीत, काम झटक्यात उरकतं, पण हाती येतो तो नुसता भुगा. म्हणून डंक्याला वेळ लागला तरी त्याचं विजेचं बिल आम्ही सोसतो.

आता पाकीट. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. हवा, उजेड आणि ऊन लागलं की ते खवट होतं, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. कागदी पिशवी तेल पिते, हवा अडवत नाही. चटणी खवट होऊन फेकली गेली, तर शेतातलं पाणी, भाजायचा गॅस, वाहतुकीचं डिझेल, सगळंच उकिरड्यावर गेलं. आमच्या मते ते नुकसान पाकिटापेक्षा मोठं आहे.

म्हणून कुठलंही पाकीट चालेल असं मात्र नाही. चकचकीत पाकिटात पॉलिस्टर, ॲल्युमिनियम, पॉलिथिन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही घेत नाही. आम्ही एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीट घेतलंय. ते हवा तितकी अडवत नाही, त्यामुळे आमच्या चटणीची मुदत इतरांपेक्षा कमी छापलेली दिसेल. पुण्या-मुंबईला काचेची बरणी पाठवा असा आग्रह होतो. पण बरणी जड, वाटेत फुटते. गावातल्यांनी खुशाल घरचा डबा आणावा, डब्याचं वजन वजा करून भरून देतो. डबा कोरडा हवा, थेंबभर पाण्यानेही बुरशी धरते.

कडक भाकरीला हा ताप नाही. ओलावा निघून गेलेला असल्याने ती साध्या कागदात, फ्रीजशिवाय टिकते. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी. तिथल्या काळ्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीत येणारं हे पीक, उसासारखं पाणी मागत नाही. थापताना, बांधताना तुकडे पडतातच. ते वेगळे काढून निम्म्या दरात विकतो. आमटीत कुस्करायला अख्खी भाकरी कशाला हवी?

चटणीचं पाकीट फोडलं की बरणीत काढा, चमचा कोरडा ठेवा. रिकामी पाकिटं तेल पुसून दुकानात आणून दिलीत तर एकगठ्ठा भंगारात देतो. त्यावर सूट नाही, आधीच सांगितलेलं बरं.