गोळी आणि फळ : खेळाडूंच्या अँटिऑक्सिडंटची पार्श्वभूमी

मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या अनेकांच्या पिशवीत व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या असतात. ही दोन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्स नावाच्या अस्थिर रेणूंना आवरणारी द्रव्यं. ही सवय कुठून आली, हे पाहायचं तर 1950 च्या दशकात जावं लागतं.

1954 साली संशोधक रेबेका गर्शमन यांनी मांडलं की, शुद्ध ऑक्सिजनचा अतिरेक आणि क्ष-किरण शरीराला एकाच मार्गाने इजा करतात, तो म्हणजे फ्री रॅडिकल्सचा. दोन वर्षांनी डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापरही याच अस्थिर रेणूंवर फोडलं. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना त्यांचा बंदोबस्त करणारं, शरीराचं स्वतःचं एन्झाइम ओळखता आलं. म्हणजे शत्रू ठरला आणि पहारेकरीही सापडला.

खेळाडूंचा संबंध आला 1978 मध्ये. सायकल मारणाऱ्यांच्या उच्छ्वासात पेंटेन वायू वाढतो, म्हणजे पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडेशन होतं, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसलं. दोन आठवडे व्हिटॅमिन ई दिल्यावर ते प्रमाण घटलं. 1982 साली बर्कलेत उंदरांना पार थकेपर्यंत पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंत आणि यकृतात फ्री रॅडिकल्स दोन ते तीन पट आढळले. व्यायामाने इजा होते, मग गोळी घ्या, हा निष्कर्ष सोपा होता आणि तो खपलाही. 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स या सुमारे 90 किलोमीटरच्या शर्यतीचा एक अभ्यास आला. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत सर्दी-घशाचा त्रास व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांना. गोळीवरचा विश्वास आणखी वाढला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती 1982 च्या त्याच निबंधातली एक शक्यता. हे रॅडिकल्सच स्नायूला नवे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, घडवायची चालना देत असतील, असं त्या संशोधकांनी तेव्हाच सुचवलं होतं. तिचं महत्त्व पटायला पाव शतक गेलं. 2008 मध्ये स्पेनमध्ये व्हिटॅमिन सी देऊन सराव करवलेल्या उंदरांच्या स्नायूंचं हे जुळवून घेणं मंदावलेलं दिसलं. 2009 साली मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 युनिट ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो सुधारलाच नाही. 2014 च्या नॉर्वेतल्या अभ्यासातही 11 आठवड्यांनी स्नायूंतले काही बदल गोळ्यांमुळे कमी पडले, मात्र ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांमध्ये फरक नव्हता. हेही तितकंच स्पष्टपणे सांगायला हवं.

इथे मात्रा नीट पाहावी. एका संत्र्यात साधारण 70 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, म्हणजे 1000 मिलिग्रॅमसाठी चौदा संत्री लागतील. 400 युनिट ई साठी पाऊण ते एक किलो बदाम! रोजच्या ताटातल्या आवळा, पेरू, पालेभाज्या, डाळींना त्या गोळ्यांच्या पारड्यात टाकणं म्हणूनच चूक आहे. फळांत सी एकटं नसतं, तंतू आणि पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली द्रव्यंही असतात.

2010 मध्ये लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंना शर्यतीआधी पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस आंबट चेरीचा रस दिला गेला. त्यांच्या स्नायूंची ताकद लवकर परतली. शर्यतीचा आठवडा आणि सरावाचे महिने वेगळे धरायचे, हा विचार अशा अभ्यासांतून पुढे आला: शर्यतीनंतर पाय लवकर सावरावेत हे हवंच असतं, पण सरावात तोच ताण स्नायूला घडवत असतो.