स्वायत्तता आणि लीन व्यवस्थापन: सरकारी रुग्णालयाच्या संदर्भात

सरकारी रुग्णालय सुधारण्याची चर्चा निघाली की स्वायत्तता आणि लीन व्यवस्थापन हे दोन शब्द जोडीने येतात आणि एकाच्या जागी दुसरा सहज वापरला जातो. वास्तविक निर्णय कोणी घ्यायचा हा पहिल्याचा विषय आहे, तर काम कुठे अडते हा दुसऱ्याचा.

स्वायत्तता समजून घ्यायला इंदूरकरांना लांब जावे लागत नाही. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, त्यानंतर उंदरांनी पोखरलेले आपले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे एम. वाय., रिकामे करून स्वच्छ करण्यात आले आणि ती स्वच्छता टिकावी म्हणून रोगी कल्याण समिती स्थापन झाली. रुग्णांकडून घेतलेले शुल्क सरकारी तिजोरीत न जाता समितीकडे राहावे आणि तिथल्या तिथे खर्च व्हावे, हे त्यातले खरे नावीन्य होते. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने अशा समित्या देशभर नेल्या.

लीन पद्धत टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीतून आली. रुग्णाच्या उपयोगी न पडणारा प्रत्येक हेलपाटा, प्रत्येक ताटकळणे ती वाया गेलेले मानते. सकाळच्या राउंडमध्ये सुट्टी मिळालेला रुग्ण कागदांसाठी दुपारपर्यंत खाटेवर अडकतो आणि नवा रुग्ण तोवर स्ट्रेचरवर पडून राहतो. आदल्या संध्याकाळी कागद तयार ठेवले तर एकही खाट न वाढवता जागा होते. लीन पद्धतीला खर्चकपात समजणे मात्र घातक आहे, कारण सुधारणा सुचवल्यावर आपलीच नोकरी जाईल असे वाटले तर कोणीही तोंड उघडणार नाही.

या दोहोंची गाठ कुठे पडते, ते वॉर्डातल्या औषधांच्या कपाटात दिसते. लीनमध्ये प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेवतात. पहिला संपला की मागणी जाते आणि ती येईपर्यंत दुसरा पुरतो. पण मागणी मंजूर करण्याचा अधिकार रुग्णालयात नसेल तर दुसराही डबा रिकामा होतो. उलट अधिकार व पैसा हाती असूनही कोणता डबा किती दिवसांत संपतो हे कोणी मोजत नसेल, तर समिती अंदाजानेच खरेदी करते. म्हणूनच स्वायत्ततेची तयारी आदेशाची वाट न पाहता एका वॉर्डापासून सुरू करता येते, असे माझे ठाम मत आहे. तिथली नोंद ठेवणारी सिस्टर समितीच्या बैठकीत बोलू लागली, तर कोणता अधिकार खाली यायला हवा हे नेमके आकड्यांनिशी मागता येईल.