रक्तक्लथनाला आवर घालणारी प्रथिने

रक्त साकळण्याच्या क्रियेला शास्त्रीय मराठीत रक्तक्लथन म्हणतात. ही क्रिया जखमेपुरती आणि हवी तेवढीच व्हावी, यासाठी रक्तात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काही प्रथिने सतत राबत असतात. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस, थ्रॉम्बोमोड्युलिन आणि टीएफपीआय (टिश्यू फॅक्टर पाथवे इनहिबिटर) ही त्यांतली प्रमुख.

आवर का लागतो, हे विरजणावरून समजते. चमचाभर दह्याने पातेलेभर दूध लागते, तसेच रक्त साकळवणाऱ्या थ्रॉम्बिन या प्रथिनाचे आहे. रक्तवाहिनी फाटली की तिच्याबाहेरच्या पेशींवरचा ऊतक घटक (टिश्यू फॅक्टर) उघडा पडतो. त्याला रक्तातला सातवा गोठण घटक (फॅक्टर सेव्हन) चिकटतो, मग दहावा घटक चेततो आणि किंचित थ्रॉम्बिन तयार होते. हे किंचित थ्रॉम्बिन पाचव्या, आठव्या आणि अकराव्या घटकांना चेतवून स्वतःचेच उत्पादन कैक पटींनी वाढवते. त्यातून फायब्रिनचे धागे विणले जातात आणि गुठळी धरते. पातेल्यातले दही काठाशी थांबते. रक्ताला काठ नाही. तो काठ ही प्रथिने पुरवतात.

टीएफपीआय हे पहिले कुंपण. ते दहाव्या घटकाला धरून ऊतक घटक आणि सातव्या घटकाची जोडीच बंद पाडते. त्यामुळे पहिली ठिणगी फार वेळ जळत नाही.

अँटिथ्रॉम्बिन : हे यकृतात तयार होते. थ्रॉम्बिन आणि चेतलेले नववे, दहावे, अकरावे घटक यांना ते मिठी मारते आणि सुटू देत नाही. दोघेही एकत्रच रक्तातून बाहेर काढले जातात. म्हणजे प्रत्येक वेळी अँटिथ्रॉम्बिनचा एक रेणू खर्ची पडतो. एरवी त्याचा वेग बेताचा असतो, पण हेपारिन हे गुठळी रोखणारे औषध भेटले की तो सुमारे हजार पटींनी वाढतो. निरोगी अस्तरावर हेपारिनसारखीच साखरसाखळी असते, म्हणून हे काम तिथे जोरात चालते. हेपारिनचे इंजेक्शन स्वतः काहीच रोखत नाही, ते अँटिथ्रॉम्बिनला कामाला लावते. म्हणून अँटिथ्रॉम्बिन कमी असलेल्या रुग्णात हेपारिनचा डोस वाढवत नेला तरी परिणाम हवा तसा दिसत नाही. नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या विकारात अल्ब्युमिनबरोबर हे प्रथिनही लघवीतून वाहून जाते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे ॲस्परॅजिनेज हे औषध यकृतातले त्याचे उत्पादन घटवते. उपचार चालू असताना मुलाला नवीन, न थांबणारी डोकेदुखी किंवा झटका आला तर मेंदूच्या शिरेतील गुठळीचा विचार आधी करावा लागतो. आनुवंशिक उणीव ओलाव्ह एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये एका नॉर्वेजियन कुटुंबात प्रथम नोंदवली.

प्रोटीन सी आणि प्रोटीन एस : या व्यवस्थेतला चतुर भाग हा. थ्रॉम्बिन जखमेवरून वाहत निरोगी अस्तरावर आले की तिथल्या थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटते, आणि चिकटताच त्याचा स्वभाव पालटतो. ते फायब्रिन बनवणे सोडते आणि प्रोटीन सीला चेतवू लागते. हे चेतवणे एरवीपेक्षा हजारपटीहून वेगाने होते. चेतलेले प्रोटीन सी पाचव्या आणि आठव्या घटकांना कापून टाकते, म्हणजे थ्रॉम्बिनचा कारखानाच बसतो. कापताना त्याला हाताशी प्रोटीन एस लागते. रक्तातल्या प्रोटीन एसपैकी जवळपास ६० टक्के दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेले असते. मोकळे उरलेले ४० टक्केच ही मदत करते. म्हणून अहवालात ‘फ्री प्रोटीन एस’चा आकडा बघायचा. नावांत मात्र गूढ काही नाही: सी म्हणजे शुद्धीकरणाच्या स्तंभातून उतरलेला तिसरा अंश, एस म्हणजे सिॲटल.

पाचव्या घटकातला कापायचा एक सांधा बदललेला असेल, तर प्रोटीन सी पुरेसे असूनही कात्री नीट चालत नाही. याला फॅक्टर फाइव्ह लायडेन म्हणतात. तो युरोपीय वंशाच्या लोकांत बराच आढळतो, भारतीयांत एकंदरीत कमी.

प्रोटीन सी आणि एस ही दोन्ही प्रथिने के जीवनसत्त्वावर अवलंबून आहेत, आणि गुठळी रोखणाऱ्या वॉरफरिनची पंचाईत इथेच सुरू होते. ही गोळी रक्त ‘पातळ’ करते असे सगळे म्हणतात. रक्त तिने तसूभरही पातळ होत नाही, के जीवनसत्त्वावर चालणारे घटक नीट बनायचे थांबतात. प्रोटीन सीचे अर्धायुष्य जेमतेम ६ ते ८ तास, तर थ्रॉम्बिन ज्यापासून बनते त्या प्रोथ्रॉम्बिनचे सुमारे ६० तास. त्यामुळे पहिले काही दिवस ब्रेक आधी निकामी होतो आणि इंजिन चालूच राहते. याच काळात मांड्या, नितंब, स्तन अशा चरबीच्या जागी त्वचा काळीनिळी पडून मरू शकते. हे टाळण्यासाठी हेपारिन किमान ५ दिवस सोबत चालू ठेवतात, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) २ च्या वर गेल्यावरही निदान २४ तास थांबूनच ते बंद करतात. के जीवनसत्त्व असलेल्या अळू, मेथी, पालक या भाज्या वर्ज्य करण्याची गरज नसते. आठवडाभर काहीच नाही आणि सणाला वाटीवर वाटी अळूचे फदफदे, असे केले की आयएनआर हलतो.

आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर प्रोटीन सी जवळजवळ नसतेच. आते-मामे भावंडांतल्या लग्नांत ही शक्यता वाढते. अशा बाळाच्या अंगावर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत जांभळे-काळे डाग पसरतात. उपचार म्हणून प्रोटीन सीचे काँसन्ट्रेट नसेल तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा किलोमागे १० ते २० मिलि. द्यावा लागतो आणि तो दर ६ ते १२ तासांनी पुन्हा. कारण तेच छोटे अर्धायुष्य. निरोगी नवजातातही हे प्रथिन प्रौढांच्या साधारण एक-तृतीयांश असते. बाळाचा आकडा प्रौढांच्या मर्यादेशी ताडून घाबरू नये.

तपासणी : मुंबईत अशा तपासण्यांचे जुने केंद्र म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रुधिरप्रतिरक्षाविज्ञान संस्था. खासगी प्रयोगशाळाही त्या करतात. यंत्रापेक्षा सुई आणि वेळ यांतच जास्त चुका होतात. रक्त निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बमध्ये, २.७ मिलि. रक्ताला ०.३ मिलि. सायट्रेट या प्रमाणात, खुणेपर्यंत भरावे. कमी भरले तर सायट्रेट जास्त होते आणि गोठण्याचा काळ खोटाच लांबतो. बल्ब हलक्या हाताने उलटसुलट करावा, हिसके देऊ नयेत. काडीने तपासून बारीकशी गुठळी जरी लागली तरी नमुना फेकावा, त्यातले घटक खर्ची पडलेले असतात. बल्ब बर्फात ठेवू नये. विरार किंवा कल्याणहून नमुना परळला यायचा असेल तर तिथेच ४ तासांच्या आत प्लाझ्मा सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवून वेगळा करावा आणि गोठवून ड्राय आइसवर पाठवावा.

प्रोटीन सी मोजण्याची रंगपद्धत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापाच्या विषातला एक अंश प्रोटीन सीला थेट चेतवतो. चेतलेले प्रथिन एका रसायनाला कापते आणि द्रव पिवळा होतो. जितका पिवळा, तितके प्रोटीन सी. आपल्याकडची घोणस नेमके उलटे करते: तिचे विष दहाव्या आणि पाचव्या घटकांना चेतवून सगळे घटक संपवून टाकते. म्हणून घोणस चावल्यावर काचेच्या कोरड्या नळीत २ मिलि. रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले तर प्रतिविष सुरू करायचे.

ताजी गुठळी असताना मोजलेले आकडे बहुधा फसवतात, कारण प्रथिने तिच्यातच खर्ची पडलेली असतात. पावसाळ्यातला लेप्टो, गंभीर मलेरिया, कावीळ यांतही ती घसरतात. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी प्रोटीन एस उतरते. बाळंतपणानंतर ६ आठवडे तरी थांबावे. वॉरफरिन चालू असताना सी आणि एस दोन्ही कमी दिसणारच. रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन यांसारख्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या काही पद्धतींत आकडा उगाच फुगवतात आणि खरी उणीव झाकली जाते. अहवालात ‘लो’ आले म्हणून जन्मभराची गोळी लिहिण्याआधी परिस्थिती निवळल्यावर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करावी. हे अनेकदा राहून जाते.

औषधे : जंतुदोषात खर्ची पडणारे चेतलेले प्रोटीन सी बाहेरून देण्याचा प्रयोग २००१ पासून अधिकृत औषध म्हणून चालला; फायदा सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये ते बाजारातून काढले गेले. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारात आता उलट दिशेने विचार होतो. घटक कमी आहेत, तर ब्रेकही ढिला करा. कॉन्सिझुमॅब आणि मार्स्टासिमॅब टीएफपीआयला अडवतात, तर फिट्युसिरान यकृतातले अँटिथ्रॉम्बिनचे उत्पादन कमी करते. फिट्युसिरान देताना अँटिथ्रॉम्बिन १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. त्याखाली गेले की रक्तस्राव होणाऱ्या याच रुग्णाला गुठळीचा धोका उभा राहतो.